सगळ्यात कोरडं घर

"तुझ्या त्या बोर्डावर पहिला नंबर मेलेल्या माणसाचा लागेल बघ, वहिनी," असं नणंद म्हणाली होती, आणि जेवायला बसलेले सगळे खो-खो हसले होते. हसण्यात वहिनीही होती. नणंद रुग्णालयात नर्स. पाळ्या करून करून तिच्या थट्टेला कडवट चव आलेली. घरात कुणी नुसतं शिंकलं तरी ती त्याला खाट देऊन मोकळी व्हायची. त्यामुळे तिचं बोलणं मनावर घ्यायचं नाही असा घरातला जवळजवळ नियमच होता. त्या दिवशी टेबलावरच्या ताटवाट्या बाजूला सारून वहिनीने आपल्या ऑफिसातून आणलेला, नव्या इमारतीत लागणाऱ्या बोर्डाचा नमुना उभा केला होता. दुधी काचेची एक पाटी, तिच्यावर प्रत्येक घराच्या नंबरासमोर वापराचा आकडा आणि एक बारीक पान. ज्या घराने त्या आठवड्यात सगळ्यात कमी पाणी आणि वीज वापरली त्याचं पान हिरवं पेटणार. बटण दाबून तिने एक पान लावून दाखवलं. नवरा म्हणाला, "दिसायला झकास आहे." सासूबाईंनी चष्मा वर सरकवून विचारलं, "विझवता येतं ना गं?" नणंदेने मात्र घास तसाच हातात धरला. "आणि जो काहीच वापरणार नाही त्याचं काय?" "त्याचं पान सगळ्यात आधी," वहिनी म्हणाली. तेव्हा नणंद ते मेलेल्या माणसाचं बोलली, आणि हशा ओसरल्यावर, जरा आवाज उतरवून, "अगं, आमच्या वॉर्डात जो पेशंट काही म्हणता काही मागत नाही ना, त्याच्या—" असं काहीतरी सुरू केलं होतं. पण तेवढ्यात गॅसवरचं दूध वर आलं, वहिनी धावली, आणि ते वाक्य टेबलापाशीच राहिलं. परत येऊन बसली तेव्हा विषय दुसऱ्याच गावाला पोचला होता. पोटात बाळ होतं तिच्या त्या वेळी. सगळं जग आपल्या बाजूचं आहे असं वाटण्याचे ते दिवस.

इमारत तिची होती. मालकी बिल्डरची, राहणारे वेगळे, पण कोऱ्या कागदावर पहिली रेघ तिने मारली होती, आणि आता त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, बाळाला मांडीवर घेऊन ती आपल्याच रेघांच्या आत राहत होती. त्या जागेवर आधी एक जुनी इमारत होती. पाडण्यापूर्वी ती टेप घेऊन तिथे मापं घ्यायला गेली होती ते दिवस तिला नेमके आठवत. प्रत्येक मजल्याला एक लांब गॅलरी आणि त्या गॅलरीत उघडणाऱ्या सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या. चालत गेलं की एकेका घराचा वास अंगावरून जायचा, कुणाच्या तरी रेडिओतलं अर्धं गाणं एका खिडकीतून सुरू होऊन पुढच्या खिडकीत संपायचं, आणि मापं लिहून घेताना आतून कुणी ना कुणी विचारायचंच, "कोण आहे गं? कुणाकडे?" तिला त्या चौकशीचा वैताग यायचा. जुन्या विटा तिने फुकट जाऊ दिल्या नाहीत. चुना खरवडून, एकेक वीट हातात घेऊन तपासून, नव्या भिंतींत बसवल्या. जुन्या दारांच्या फळ्यांचे अंगणातले बाक झाले. भिंती दुहेरी, मध्ये पोकळी. खिडक्यांना दोन-दोन काचा. छज्जे असे, की थंडीतलं तिरपं ऊन आत यावं आणि उन्हाळ्यातलं डोक्यावरचं ऊन बाहेरच्या बाहेर परत जावं. पावसाचं पाणी अंगणाखालच्या टाकीत, आंघोळीचं गाळून झाडांना. बाहेर रस्ता तव्यासारखा तापलेला असताना दार लावून घेतलं की पायाला फरशी गार लागायची, आणि तो गारवा कुठल्याही यंत्राचा नव्हता, तिच्या डोक्यातून आलेला होता, हे आठवून तिला अजूनही, बाळ रडत असतानाही, क्षणभर बरं वाटायचं. फक्त गॅलरीकडच्या त्या खिडक्या तिने बंद केल्या होत्या. गॅलरीतून ऊन येतं, आवाज येतो. संगणकावर एकेक खिडकी पुसत गेली तसतसा घराचा नारिंगी रंग निळा होत गेला. निळा म्हणजे थंड. शेवटची खिडकी पुसल्यावर सबंध इमारत निळीशार झाली आणि शेजारच्या टेबलावरचा ड्राफ्ट्समन म्हणाला, "मॅडम, आता हिला स्वेटर विणा."

बिल्डरही वाईट माणूस नव्हता. साइटवर सिमेंटच्या गोण्या मोजण्यापासून वर आलेला, पांढऱ्या बुटांना माती लागली तरी न झटकणारा. पुढच्या पिढीला काहीतरी बरं ठेवून जावं असं त्याला खरोखरच वाटे. त्याची तक्रार एकच होती. "सोलर गच्चीवर, टाकी जमिनीखाली, तुमची ती पोकळी भिंतीच्या पोटात. मॅडम, सगळं चांगलं आपण लपवूनच ठेवलंय. माणसाला चांगलं दिसलं पाहिजे. काहीतरी दिसणारं द्या." अंगणाच्या कडेला तिने एक खोली काढली होती, सगळ्यांची. धुण्याची यंत्रं तिथेच, एक मोठी शेगडी, चार खुर्च्या. कपडे धुऊन होईपर्यंत माणसं बोलत बसतील. नकाशावर तिने त्या खोलीत चहाचे कपसुद्धा काढले होते, इवलेसे गोल. पण गाड्या चार्ज करायला जागा हवी झाली, मग मीटरला हवी झाली, आणि खोली आतून भरत भरत गेली. बाहेरची भिंत तेवढी उरली. त्या भिंतीवर बोर्ड आला. बिल्डरने तो पाहून टाळीच वाजवली. "हे! हे दिसतंय!"

बोर्डावर सगळ्यांत जास्त जीव जडला तो बाईंचा. बाई म्हणजे तिच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. जन्मभर भूगोल शिकवला, एकट्या राहिल्या, जुन्या इमारतीतल्या मूळच्या भाडेकरू. कुठलाही माणूस, मग तो नव्वदीचा का असेना, त्यांना बाईच म्हणायचा. पहिलं पान त्यांच्या घराला लागलं त्या रविवारी सकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींनी अंगणात सगळ्यांना गोळा केलं, दोन शब्द बोलायला सांगितलं. बाई उंच, काटकुळ्या. बाकावरून उठल्या तेव्हा अंगण वर्गासारखं गप्प झालं. "आयुष्यभर दुसऱ्यांना नंबर देत आले," त्या म्हणाल्या, "मला कुणी दिला नव्हता. आज मिळाला. आता खाली बसा सगळे, एक नदी सांगते." आणि खरोखरच त्यांनी एक नदी उगमापासून समुद्रापर्यंत सांगितली. मुलं मांडी घालून ऐकत होती. त्यानंतर काही आठवडे येता-जाता जो तो बाईंना हटकायचा. "काय बाई, या वेळी पण तुमचंच?" "बाई, आम्हालाही जरा शिकवणी लावा की." बाई पदवीदान झाल्यासारख्या हसायच्या. पुढे मात्र पान त्यांच्याच घरावर ठाण मांडून बसलं. दर रविवारी तेच. लोक तिकडे बघेनासे झाले. घड्याळात किती वाजले हे बघताना घड्याळ कुठे दिसतं? सेक्रेटरी तेवढे नेमाने टाळ्या वाजवायचे, आणि त्यांच्यामागून दोन-चार हात, अर्धवट.

आणि तिचं स्वतःचं घर शेवटी. बोर्ड आखणारीचंच घर शेवटी म्हणून नवऱ्याने पोटभर हसून घेतलं. बाळाला कापडी लंगोट वापरायचे हे तिने हट्टाने ठरवलेलं, प्लास्टिकचा कचरा नको म्हणून. आणि ते धुवायला पाणी लागायचं, बदाबदा. नळाखाली लंगोट धरला की तिला भिंतीतून जाणारं पाणी जणू दिसायचं, खाली मीटरमध्ये फिरणारं, तिथून बोर्डावर चढणारं. एकदा तिने लंगोट एकाच पाण्यातून काढून वाळत टाकले आणि बाळाच्या मांड्या लाल झाल्या. एकदा दुपारी तहान लागलेली असताना ती भांडं हातात घेऊन नळापाशी थबकली, आणि आपण का थबकलो हे कळल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. ती कुणाला बोलली नाही. काय सांगणार? आपणच लावलेला दिवा आपल्यावरच डोळे वटारतोय म्हणून? अशा गोष्टी अंगणात बोलायच्या नसतात. अंगणात बोलायचं ते झाडांबद्दल.

त्या दुपारी बाळ आजारी होतं. दोन-तीन दिवस पोट बिघडलेलं, आता थांबलं होतं, पण बाळ पेंगत होतं आणि तिला ते पेंगणं आवडत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "ताप-बीप सोडा, तुम्ही एकच बघा. लंगोट ओला होतोय ना? कोरडा राहायला लागला तर वाट बघत बसू नका." सकाळपासून ती पुन्हा पुन्हा लंगोटात हात घालत होती. कोरडा. चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजत होती, थोडं आत जायचं, थोडं हनुवटीवरून गळ्यात. पुन्हा हात. कोरडा. घरात अजिबात आवाज नव्हता. असा आवाज नसणं हीच या घराची खासियत होती, माहितीपत्रकात तिने स्वतः लिहून दिलेली, "शांततेचं वरदान" असल्या काहीतरी शब्दांत. पण आता तिला वाटलं, रस्त्यावर एखादा फेरीवाला ओरडला असता, खालून कुणी भांडं आपटलं असतं, वरून कुणी खुर्ची सरकवली असती, तर जीव जरा थाऱ्यावर आला असता. भिंतीला हात लावला. भिंत गार. ह्या विटेने कधीकाळी कुणाचं तरी रडणं, कुणाचं तरी बोलणं पलीकडे पोचवलं असेल. आपण तिच्या पाठीला पोकळी लावली. नवऱ्याला फोन केला, उचलला नाही. बाळाच्या टाळूवर बोट ठेवलं. टाळू खोल गेलीय की नेहमीच अशी असते? नेहमी कशी असते हे आयत्या वेळी आठवेना. मग तिने विचार करणंच सोडलं, बाळाला उचललं, पायांत मिळेल ती चप्पल घातली आणि जिना उतरायला लागली.

अंगणात ऊन कलतं होतं. वॉचमन गाडी आणायला पळाला. सेक्रेटरी बोर्डाखाली उभे राहून काच पुसत होते. निवृत्तीनंतर माणसं बाग धरतात, त्यांनी बोर्ड धरला होता. "बाळराजे रुसलेत का?" त्यांनी विचारलं. तिने काय झालं ते सांगितलं. "होईल, होईल बरं. आमची थोरली अशीच होती, आता आम्हाला दटावते." मग तिचं लक्ष दुसरीकडे वळवावं म्हणून असेल, कापडाने बोर्डाकडे बोट करत म्हणाले, "हे बघा तरी! बाईंनी या वेळी कमालच केलीय. जवळजवळ काहीच नाही. मला वाटलं मीटरच बिघडलं. इलेक्ट्रिशियनला दाखवलं, तो म्हणाला ठणठणीत आहे. ह्याला म्हणतात निग्रह!" तिने सवयीने मान हलवली, सवयीने हसली देखील, डोळे फाटकाकडे. गाडी अजून येत नव्हती. आणि त्याच वेळी तिच्या डाव्या हातावर, कोपराच्या जरा वर, काहीतरी ऊन ऊन पसरलं. आधी कळेना. मग बाही जड झाली, कोपरावरून एक धार खाली फरशीवर टपकली, आणि तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला की सेक्रेटरींच्या हातातलं कापड पडलं. "झाली! शू झाली!" ती म्हणाली, रडत आणि हसत, सुशिक्षित, नोकरदार बाई भर अंगणात ओल्या बाहीला गाल लावून उभी. ओलं आहे. बाळ ओलं आहे. आत सगळं चालू आहे, पाणी येतंय, पाणी जातंय. किती सोपी खूण देवाने ठेवलीय, तिला वाटलं. जिवंत माणूस ओलं करतं. डोळे पुसून तिने वर पाहिलं तर समोर बोर्ड होता, दुधी काच, आणि बाईंच्या घरासमोर पेटलेलं पान. जवळजवळ काहीच नाही. मीटर ठणठणीत. बाही गार पडत चालली होती आणि ती त्या पानाकडे बघत राहिली. हिरव्या रंगाला घाबरायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"बाईंना शेवटचं कधी पाहिलंत?" तिने विचारलं.

"बाईंना ना? आत्ता... नाही, परवा... रविवारी! टाळ्या नाही का वाजवल्या आपण?"

"तेव्हा त्या होत्या?"

सेक्रेटरींनी आठवून पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "टाळ्या वाजवल्या हे नक्की," ते म्हणाले.

जिना ती चढली की धावली ते तिला सांगता येणार नाही. बाळ खांद्यावर, मागे सेक्रेटरी धापा टाकत, "गावाला गेल्या असतील हो, उगाच जिवाला घोर..." "कुठल्या गावाला? बाई कुठे जातात?" दाराची बेल दाबली. दार जाड, चौकटीला चारी बाजूंनी रबर. ते रबर तिनेच निवडलं होतं, तीन नमुन्यांतून, ज्याच्यातून कागदसुद्धा सरकत नव्हता ते. कान लावला. काही नाही. दाराला कान लावून आपण दारच ऐकतोय, एवढंच. मूठ आपटली, "बाई! बाई, मी वरची!" आणि वाटलं की आतून जर कुणी "आले" म्हणालं असेल, कितीही मोठ्याने म्हणालं असेल, तरी ते आपल्यापर्यंत येणार नाही, याची आपण किती चोख व्यवस्था केलीय. जुनी गॅलरी असती तर खिडकीतून हात घालून पडदा सारला असता. पडदा सारायचीही गरज नव्हती. कुणाच्या स्वयंपाकघरात आज भांडं वाजलं नाही हे तिथे आपोआप कळायचं, न विचारता. सेक्रेटरी म्हणाले, सुताराला बोलवू का. तेव्हा कडी हलली. बराच वेळ नुसती हलत राहिली, मग दार उघडलं.

बाई उभ्या होत्या, भिंतीला धरून. आत अंधार, पडदे ओढलेले. केस नीट विंचरलेले, कपड्यांना घडी. ओठ मात्र भेगाळलेले आणि डोळे कुठे तरी खोल, आपल्या घरातून खिडकीबाहेर बघावं तसे. "हळू," त्या म्हणाल्या. आवाज कागदासारखा. "दिवा नको लावू. आज वार कोणता? रविवार झाला?" तिने एका हाताने त्यांना धरलं, वजनच नव्हतं. खुर्चीपर्यंत नेता नेता तिला घर दिसत गेलं. कुंड्यांतली माती तडकलेली. टेबलावर एकच ताट, त्याच्यावर वर्तमानपत्राचा कागद, म्हणजे जेवल्यावर कागद फेकला की ताट धुवायला नको. फ्रीजचं दार उघडं, आत काळोख, वायर गुंडाळून वर ठेवलेली. न्हाणीघरात बादली पालथी घातलेली आणि तिच्यावर धूळ. "बाई, हे काय केलंत तुम्ही?" "थोडं थोडं कमी करत गेले गं," बाई म्हणाल्या, जसं काही वर्गाला धडा समजावून सांगतायत. "आधी आंघोळ. मग धुणं. दिव्याचं तर काय, आता वाचायचं तरी काय राहिलंय. सातव्या मजल्यावरची ती नवी जोडपी आहेत ना, नोकरीची, दिवसभर घरात नसतात. ती फार जवळ आली होती. एकदा मागे पडले असते तर..." "तर काय झालं असतं?" बाई म्हणाल्या, "तर रविवारी मला कोण हाक मारणार होतं?"

सेक्रेटरी दारातच उभे होते, आत येऊ की नको अशा बेताने. "पाणी आणते," असं म्हणून ती बाईंच्या ओट्याकडे वळली आणि नळाला हात लावणार तोच मागून बाईंनी, कुठून आणला कोण जाणे एवढा जोर, तिचा पदरच धरल्यासारखी ओली बाही धरली. "इथला नको," त्या म्हणाल्या. "इथला नळ नको गं. तुझ्याकडचं आण."

हे वाक्य पुढे तिच्या अंगात घर करून राहिलं. बाळाला पाजताना, दात घासताना, ऑफिसच्या स्वच्छतागृहात हात पुढे केल्यावर आपोआप सुटणाऱ्या पाण्याखाली. त्या क्षणी मात्र ती वर पळाली, भांडं भरून खाली आणलं, चमच्याने पाजायला लागली. एक चमचा बाईंना, एक बाळाला. दोघांच्याही हनुवटीवरून थोडं थोडं ओघळत होतं. बाळाने बाईंच्या नाकाकडे हात नेला. "हिला पोटाचं झालंय का?" बाईंनी विचारलं. "पाणी जास्त दे हं."

नणंदेला फोन केल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, "लघवी कधी झाली होती?" आणि उत्तर ऐकून रुग्णवाहिका धाडली. वॉर्डात नणंदेने सगळं हातात घेतलं, बाळालाही तपासून घेतलं. "आमच्याकडे आलात ना, आता आमचं राज्य. नळ मी सोडणार, तुम्ही नुसतं पडायचं," असं बाईंना दटावलं. त्या जेवणाच्या टेबलावरच्या थट्टेचा तिने उल्लेखही केला नाही. वहिनी वाट बघत होती, आज बोलेल, उद्या बोलेल. नणंदेला ते आठवतच नव्हतं. माणसाने टोमणा मारला असता तर तो परत तरी करता आला असता. मूत्रपिंडं थकलीत, डॉक्टर म्हणाले, पण सावरतील, वय बघता नशीबच. बाईंनी वर टांगलेल्या सलाइनच्या बाटलीकडे बघून विचारलं, "हे कुणाच्या घरात मोजतात?" थट्टा होती की काय होतं हे तिला आजही ठरवता आलेलं नाही. इकडे अंगणात, घर रिकामं असल्यामुळे, पान त्यांच्याच नंबरासमोर जळत होतं. सेक्रेटरींनी शेवटी त्याच्यावर आपलं ते पुसायचं कापड लावून ठेवलं. कापडातून उजेड दिसायचाच.

बिल्डर रुग्णालयात येऊन गेला, फुलं घेऊन, मान खाली घालून. बाहेरच्या बाकावर तिच्याशेजारी बसला. "बोर्ड काढून टाकू," ती म्हणाली. "मॅडम, बाकीच्या इमारतींतही लागलाय आता. लोक फ्लॅट बघायला येतात ते आधी बोर्डाशी फोटो काढतात." मग बुटाच्या टोकाकडे बघत म्हणाला, "असं करा, नियम बदला. फारच कमी वापर झाला तर पान नको, लाल दिवा लावू. मेसेज जाईल." "कुणाला?" "वॉचमनला." तिने विचारलं, "आणि वॉचमन काय करेल?" "सेक्रेटरीला सांगेल." तिच्या डोळ्यांपुढे तो मेसेज एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाताना दिसला, प्रत्येक जण मान हलवून पुढे ढकलतोय, आणि जिना कुणीच चढत नाही. "ती खोली द्या परत," ती म्हणाली. "अंगणातली, सगळ्यांची. आणि पुढच्या इमारतीला मी गॅलरीकडच्या खिडक्या ठेवणार. घर एक छटा कमी निळं झालं तरी चालेल." बिल्डर "बघू" म्हणाला. खोटं बोलणारा माणूस "नक्की" म्हणाला असता, म्हणून तिला त्या "बघू"चा जरा आधार वाटला. खोलीचं काम अजून सुरू झालेलं नाही. गाड्या चार्ज होतात.

बाईंना मात्र ती परत आणू शकली नाही. त्यांचा भाचा आला, ओळखीत नसलेला, घाईतला, पण मावशीवर जीव असलेला माणूस. तिने हात जोडून म्हटलं, वर मी आहे, खाली त्या, रोज बघेन. तो म्हणाला, "इतके दिवसही तुम्ही वरच होता ना?" शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याची एक छोटी जागा रिकामी होती, नव्या इमारतीत, सगळ्या सोयींची, "मावशीला आवडेल, अंगण आहे". तो स्वतः दुसरीकडे राहायचा, पण येऊन-जाऊन बघणार होता. बाईंचं सामान दोन खेपांत हललं. निघताना बाईंनी बाळाच्या गालाला बोट लावलं आणि खालच्या आवाजात, भाच्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने, तिला म्हणाल्या, "तिथेही बोर्ड आहे म्हणे." चेहऱ्यावर जे होतं ते तिला वाचता आलं नाही. भीती असती तर तिने तिथेच हात धरला असता.

कुठली इमारत, हे तिला माहीत नाही. भाचा फोन उचलत नाही. बाईंचा फोन बंद असतो, आणि तो का बंद असतो हे तिला चांगलं ठाऊक आहे. बिल्डरचं ऑफिस म्हणतं, राहणाऱ्यांची माहिती देता येत नाही, नियम आहे. बाळाला कडेवर घेऊन ती दोन अंगणांत जाऊन आली. तशीच दुधी काच, तसेच बाक, तसाच गारवा. बोर्डावर नंबर असतात, नावं नसतात. तिने पेटलेल्या पानाच्या घराची बेल वाजवली, एकीकडे महिनाभर परगावी गेलेलं कुटुंब निघालं, दुसरीकडे कुणीच उघडलं नाही आणि वॉचमनने तिला, बाळासकट, फाटकापर्यंत पोचवलं. अशा इमारती आता बऱ्याच झाल्यात. चांगल्या आहेत, राहणारे सुखात आहेत, उन्हाळा जाणवत नाही, झाडं वाढतायत. तिला सगळीकडे जाता येणार नाही.

म्हणून तिचं हे मागणं तुमच्याकडे आहे. तुम्ही त्यांतल्या एखाद्या इमारतीत राहत असाल, किंवा तुमचं कुणी राहत असेल, तर आज उजेड आहे तोवर अंगणात जाऊन बोर्ड बघा. एखादं पान फार दिवस एकाच घरावर बसलं असेल तर त्या घराशी जा. बेल ऐकू येते, पण आतलं "आले" बाहेर येत नाही, तेव्हा थांबा. कडीला वेळ लागतो. त्या उंच, काटकुळ्या आहेत, केस नीट विंचरलेले असतील. नाव विचारू नका, "बाई" म्हणा, वळून बघतील. अभिनंदन तेवढं करू नका. प्यायला पाणी मागा. त्यांच्यासाठी तुम्ही तुमच्या घरून पाणी घेऊन गेलात तर त्या तेवढंच पितील आणि आपला नळ कोरडाच ठेवतील. पण दारात आलेल्या माणसाला पाणी नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही. त्या उठतील, ओट्यापाशी जातील, थबकतील. तेव्हा काही बोलू नका, घाई करू नका. नळ सुटला की एक भांडं तुम्ही प्या, एक त्यांच्यासमोर धरा, आणि मग आणखी मागा.